कृषी सेवा केंद्रातले ग्लेझ

स्टुडिओ पॉटरीची पुस्तके बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतली. कमी तापमानाच्या ग्लेझचे पान उघडले की त्यात एक नाव हमखास सापडते, गर्स्टली बोरेट. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या परिसरातले हे खनिज. 2000 साली त्याची खाण बंद झाली, तेव्हापासून तिकडचे कुंभारही पर्याय शोधत आहेत. दुसरे नाव कोलेमनाइट. दोन्ही ग्लेझला बोरॉन पुरवतात. कोलेमनाइट मुख्यतः तुर्कस्तानातून येते. जगातले बोरॉनचे सर्वांत मोठे साठे तिथेच आहेत. नांदेड-लातूरला माती मळणाऱ्याला ही दोन्ही नावे सारखीच लांबची. कृती समोर असते, माती तयार असते, भट्टी असते आणि यादीतल्या एका ओळीपाशी काम अडते.

ती ओळ सरळ गाळून का चालत नाही, हे आपल्या मातीवरून कळते. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला बोरॉन लागत नाही, कारण ती 1200 अंशांच्या पुढे भाजतात; तेवढ्या आचेत फेल्डस्पार आणि चुना मिळून झिलई तयार होते. मराठवाड्यातली माती ती आच सोसत नाही. तळ्याचा गाळ असो की गोदावरीकाठची पोयट्याची माती, बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत लोह आणि चुना भरपूर. हजार अंशांच्या आसपास ती पक्की होते. 1100 च्या वर गेली की फुगते, वाकते, भट्टीच्या फरशीला चिकटून बसते. गोरोबाकाकांच्या तेरपासून देगलूरपर्यंत माठ, रांजण, पणत्या आणि पोळ्याचे बैल याच जातीच्या मातीचे, आणि त्यांना ग्लेझची गरज कधी पडलीच नाही. माठ पाझरला तरच पाणी गार राहते. पण कप, वाडगे, ताटल्या करायच्या म्हटले की काचेचा थर हवा, आणि तो मातीच्या बेताने हजार अंशांत वितळायला हवा.

एवढ्या कमी आचेत गारगोटीला वितळवणारे खरे समर्थ पदार्थ मुख्यतः दोन, शिसे आणि बोरॉन. शिशाचे ग्लेझ सोपे, चकचकीत आणि चुका पोटात घालणारे. म्हणूनच ते धोक्याचे आहे. शेंदूर, म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड, सहज मिळतो आणि कुणीतरी तो सुचवतोच. ताक, चिंचेचे सार, लोणचे अशा आंबट पदार्थांत त्या थरातले शिसे उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. जेवणाच्या भांड्यांसाठी ही वाट बंदच समजावी. उरतो बोरॉन.

आणि तो गावात आहे. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या सराफांच्या गल्लीत टाकणखार मिळतो. डाग देताना सोनार वापरतात तोच, म्हणजे बोरॅक्स. हिमालयापलीकडून, तिबेट आणि लडाखमधून, तो शतकानुशतके आपल्याकडे येत होता. लडाखच्या पुगा खोऱ्यात तो आजही गरम झऱ्यांच्या कडेला साचतो. औषधाच्या दुकानात बोरिक पावडर असते. कॅरमच्या फळीवर टाकतात तीही मुळात हीच. मात्र आता कॅरम पावडर म्हणून दुसऱ्या पुड्याही विकतात, म्हणून डब्यावरचे नाव वाचून घ्यावे. तिसरे दुकान माझ्या मते सर्वांत मोलाचे, कृषी सेवा केंद्र. पिकाच्या फुलगळीवर फवारायला ‘बोरॉन 20 टक्के’ लिहिलेली पुडी तिथे मिळते. तिच्यावर डायसोडियम ऑक्टाबोरेट टेट्राहायड्रेट असे लिहिलेले असेल तर ती ग्लेझला चालते. बाटलीतले द्रवरूप बोरॉन चालत नाही.

आता हिशेब. एका नावाच्या जागी दुसरे नाव ग्रॅमला ग्रॅम टाकले की ग्लेझ बिघडते. मोजायची ती आत असलेली ऑक्साइडे. 10 ग्रॅम शुद्ध कोलेमनाइट भट्टीला सुमारे 5.1 ग्रॅम बोरॉन ऑक्साइड आणि 2.7 ग्रॅम चुना देते, बाकीचे पाणी उडून जाते. तेवढाच बोरॉन 9 ग्रॅम बोरिक पावडरमधून मिळतो, आणि चुन्याची भरपाई 4.9 ग्रॅम व्हायटिंग, म्हणजे खडूची पूड, करते. टाकणखार घेतला तर तो 13.9 ग्रॅम लागतो आणि त्याबरोबर 2.3 ग्रॅम सोडा नकळत आत येतो. थंड होताना सोडा काचेला मातीपेक्षा जास्त आकसवतो, मग वाडग्याच्या आत केसासारख्या चिरा पडतात. शेतीची पुडी 7.5 ग्रॅममध्ये तेच काम करते आणि सोडा आणते 1.1 ग्रॅम, टाकणखाराच्या निम्मा. तेवढा सोडा कृतीतल्या सोडा फेल्डस्पारमधून वजा करता येतो. खडू दोन्हींत घालायचाच.

मात्र कोलेमनाइट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आपले तिन्ही पदार्थ विरघळतात. कच्च्या भाजणीचे भांडे अशा ग्लेझमध्ये बुडवले की ते पाण्याबरोबर बोरॉनही पिते. वाळताना ते पाणी काठाकडे सरकते, आणि दुसऱ्या दिवशी काठावर पांढऱ्या स्फटिकांची बारीक सुयांसारखी झालर उभी राहते. भाजल्यावर काठ ओघळलेला निघतो, पोट मात्र कोरडे, खरखरीत राहते. बादलीतल्या ग्लेझमध्येही थंडीच्या रात्री खडे धरतात.

याला उपाय फ्रिट, म्हणजे बोरॉन आधीच वितळवून काचेत बांधून घेतलेली पूड. त्यासाठी टाकणखार आधी वजन करून घ्यावा, मग लोखंडी तव्यावर भाजावा. तो आधी स्वतःच्याच पाण्यात पातळ होतो, उकळतो आणि शेवटी फुगून त्याची हलकी पांढरी लाही होते. ही पायरी गाळली तर तो मुशीतून उतू जातो. लाही कुटून तिच्यात गारगोटीची पूड, खडू आणि थोडी चिनी माती मिसळायची, मातीच्या मुशीत भरून भट्टीत लालभडक होईपर्यंत ठेवायची. बुडबुडे थांबले आणि रस मधासारखा धार धरू लागला की लांब चिमट्याने मूस उचलून तो लोखंडी बादलीतल्या पाण्यात ओतायचा. तडतडत त्याचे खडे होतात, ते दळून घ्यायचे. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि दळताना मास्क हवाच. गारगोटी कमी पडली तर हे फ्रिटही पाण्यात हळूहळू सुटते, म्हणून तिच्यात काटकसर करू नये. निर्मला पटवर्धन यांनी ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ लिहिताना भारतात मिळणाऱ्या कच्च्या मालावर भर दिला होता. त्या वाटेने आणखी पुढे, जिल्ह्यापर्यंत, जायला हवे असे मला मनापासून वाटते.

कारण बोरॉन हाती आला की आपला काळा दगडही कामाला येतो. खडीक्रशरखाली पडणारी बारीक भुकटी म्हणजे दळलेला बेसाल्ट. त्यात जवळपास निम्मी सिलिका, दहाएक टक्के चुना आणि त्याहून थोडे जास्त लोह. एकटा तो 1150 ते 1200 अंशांच्या आसपास वितळतो. बोरॉनचे फ्रिट मिसळले की आपल्या मातीला सोसेल एवढ्या आचेत उतरतो आणि गुळासारखा तपकिरी, जाड थरात काळा रंग देतो. बाहेरून रंग आणायची गरज उरत नाही. प्रमाण मात्र प्रत्येकाने आपल्या भुकटीवर ठरवावे. मातीच्या लहान पट्ट्या करून भुकटी आणि फ्रिट नव्वदास दहा, ऐंशीस वीस असे वाढवत जावे, प्रत्येक पट्टीच्या पाठीवर प्रमाण कोरावे आणि सगळ्या एकाच भाजणीत ठेवाव्यात.

जी पट्टी आवडेल तिच्यावर रात्रभर लिंबाची फोड ठेवावी. सकाळी तिथला रंग उतरला किंवा चमक गेली, तर ते ग्लेझ फुलदाणीला ठेवावे आणि वाडग्यासाठी गारगोटी वाढवून पुन्हा भट्टी लावावी.