दुसरं टोक

वर्सोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर मी गेले ती एका आकड्यापायी. पन्नास लाख किलो. ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह या वकिलाने आपल्या ८४ वर्षांच्या शेजाऱ्यासोबत इथला कचरा उचलायला सुरुवात केली. मग माणसं जोडली गेली आणि दोनेक वर्षांत पन्नास लाख किलो उपसला, असं सांगतात. २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कारही आला.

रविवार, ओहोटीची वेळ. हातमोजे वाटले जातात, लोक पांगतात, ढीग लागतात, ट्रॅक्टर येतो. भाषण कुणी करत नाही. मी वही घेऊन कडेला उभी. गमबूट घातलेले एक निवृत्त काका वाळूत रुतलेलं पोतं ओढत होते. अर्धं वर, अर्धं आत, ओल्या वाळूने गच्च. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, ते दुसरं टोक धरा जरा."

वही पिशवीत गेली. 'स्वयंसेवक हवेत'चे फलक मी अंधेरीभर वाचलेत. एकानेही मला असं कामाला लावलं नव्हतं. पोतं निघालं तसा खालून काळ्या चिखलाचा भपका आला. शेजारी वलांडीवर बोंबील वाळत होते, त्यांच्या वासालाही तो ऐकेना. घरी साबणाने तीनदा धुऊनही नखांतून जाईना.

काकांचा राग मात्र पोत्यांवर नाही, दुधाच्या पिशवीच्या कापलेल्या कोपऱ्यावर आहे. "पोतं दोघांत निघतं. हे कोपरे वेचायला अख्खी सोसायटी आणली तरी पुरायची नाही. पिशवी कापताना तो पूर्ण तोडायचाच कशाला?" वाळू चाळली की खरंच तेच हाती येतात, गुटख्याच्या पुड्यांसोबत.

मार्च २०१८मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्रात गेली. त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. ट्रॅक्टरवरच्या सफाई कामगाराचा फोटो मी तरी पाहिला नाही. "रविवारी तुम्ही असता, सोमवारी आम्हीच," तो हसत म्हणाला. पन्नास लाख किलोंत त्याचे किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. शिवाय दर पावसाळ्यात नाले आणि खाडी नवा माल आणून ओततातच.

निघताना काकांना विचारलं, पुढच्या रविवारी याच वेळेला का?

"छे, तेव्हा सकाळी भरती. दुपारी दोनला या. टोपी आणा."