‘हम आपके हैं कौन’चे रामलक्ष्मण दोघं नव्हतेच! मग ‘राम’ कोण होते?

वर्धा जिल्ह्यातलं वडनेर असो की मुंबईतलं दादर, लग्नाच्या मांडवात ‘हम आपके हैं कौन’ची गाणी हमखास वाजतात. या सिनेमाचं संगीत रामलक्ष्मण यांचं. कल्याणजी-आनंदजी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशी नावं ऐकून मोठं झालेल्यांना ही पण एक जोडीच वाटते.

पण १९९४ मध्ये हा सिनेमा आला, तेव्हा यातले ‘राम’ जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली होती. संगीत देणारा माणूस एकच होता, नागपूरचे विजय पाटील.

जोडी जमली कशी?

विजय पाटील यांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२ चा. घरातच गाण्याचे संस्कार झाले, पुढे ते मुंबईत आले. सुरेंद्र हेंद्रे यांच्यासोबत त्यांची जोडी जमली आणि दादा कोंडके यांनी त्यांना ‘पांडू हवालदार’ (१९७५) दिला. ‘राम-लक्ष्मण’ हे नावही दादांनीच ठेवलं. सुरेंद्र झाले राम आणि विजय झाले लक्ष्मण. ‘पांडू हवालदार’ची गाणी महाराष्ट्रभर गाजली.

मग ‘राजश्री’ने त्यांना ‘एजंट विनोद’ (१९७७) हा हिंदी सिनेमा दिला. हिंदीचं दार उघडलं आणि त्याच सुमारास राम अचानक गेले.

नाव का बदललं नाही?

विजय पाटील यांना स्वतःच्या नावाने नवी सुरुवात करता आली असती. त्यांनी मित्राची आठवण म्हणून जोडीचंच नाव ठेवलं. ‘हम से बढ़कर कौन’, ‘मैंने प्यार किया’, ‘पत्थर के फूल’, ‘१०० डेज’, ‘हम साथ-साथ हैं’ हे सगळं त्यानंतरचं काम. ‘मैंने प्यार किया’साठी फिल्मफेअर मिळालं, तेही रामलक्ष्मण याच नावाला.

इतरांनी काय केलं?

साथीदार गेल्यावर कलाकारापुढे साधारण तीन वाटा असतात.

• थांबणं : १९८० मध्ये ड्रमर जॉन बॉनम गेला आणि ‘लेड झेपलिन’ने बँड बंद केला.

• तेच नाव पुढे नेणं : १९७१ मध्ये जयकिशन गेले, तरी शंकर यांनी ‘शंकर-जयकिशन’ याच नावाने संगीत दिलं.

• एकट्याने नवं करणं : एप्रिल १९९४ मध्ये ‘निर्वाणा’चा गायक कर्ट कोबेन गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ड्रमर डेव्ह ग्रोलने स्टुडिओत आठवडाभरात एक अल्बम रेकॉर्ड केला. गाणं, गिटार, बेस, ड्रम जवळपास सगळं त्याचं एकट्याचं. पण अल्बमवर स्वतःचं नाव न टाकता त्याने ‘फू फायटर्स’ हे नाव दिलं, कारण लोकांना तो बँड वाटावा अशी त्याची इच्छा होती. पुढे खरंच तो बँड झाला.

विजय पाटील यांची गोष्ट दुसऱ्या वाटेची, पण शंकर यांच्यापेक्षा वेगळी. शंकर-जयकिशन यांचं शिखर दोघं असतानाच आलं होतं. रामलक्ष्मण या नावाला देशभर ओळख मिळाली ती राम गेल्यावर. म्हणजे नाव आधीच मोठं होतं म्हणून ते जपलं, असं इथे म्हणता येत नाही.

किंमत काय मोजली?

या निर्णयामुळे राम प्रत्येक पोस्टरवर आणि कॅसेटवर राहिले. पण त्याच नावाआड विजय पाटील झाकले गेले. गाणी घराघरात पोहोचली, तरी ती करणारा माणूस नागपूरचा पाटील आहे हे अनेकांना कळलंच नाही.

२०१८ चा लता मंगेशकर पुरस्कार राज्य सरकारने त्यांना जाहीर केला. २२ मे २०२१ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, नागपुरातच त्यांचं निधन झालं. बातम्यांचे मथळे होते ‘संगीतकार रामलक्ष्मण यांचं निधन’. विजय पाटील हे नाव त्याखाली समजावून सांगावं लागलं.

पुढच्या लग्नात ही गाणी लागली, तर शेजारच्याला दोन नावं नक्की सांगा : सुरेंद्र हेंद्रे आणि विजय पाटील.