दृष्टीआड सृष्टी : फोनवरील ॲप झाकून ठेवण्याची रीत व तिच्या मर्यादा

खडू, फळा व पाठ्यपुस्तक ही प्राथमिक शिक्षकाची पूर्वापार साधने होत. गेल्या काही वर्षांत त्यांत स्मार्टफोनची भर पडली आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड उघडणे, २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा ॲपवरील पाठ दाखविणे, पालकांच्या गटावर निरोप देणे, वरिष्ठ कार्यालयास माहिती पाठविणे ही कामे आता फोनवरच होतात. मात्र हा फोन बहुधा शाळेचा नसून शिक्षकाचा स्वतःचा असतो. बँकेचे व्यवहार, घरातील आजारपणाचे कागद, आप्तांचे निरोप व करमणुकीची साधने हे सर्व त्याच एका पेटीत साठविलेले असते. शाळेचा कारभार आणि घरचा संसार अशा रीतीने एकाच काचेखाली आल्याने काही नवे प्रश्न उभे राहिले आहेत.

प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या द्विशिक्षकी शाळेतील चौथीचा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. शिक्षकांनी कवितेची चाल ऐकविण्यासाठी फोन मुलांच्या घोळक्यात दिला आहे. इतक्यात पडद्याच्या वरच्या कडेला एका पालकाचा निरोप झळकतो. त्या घरातील भांडणामुळे मुलगी चार दिवस शाळेत येणार नाही, असा त्याचा आशय आहे. ज्या मुलांना शिक्षकांनीच वाचावयास शिकविले, ती मुले तो निरोप मोठ्याने वाचतात. सायंकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होते. पालकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघडी पडली, तर तो पुन्हा शिक्षकापाशी मन मोकळे करीत नाही; आणि ती मुलगी परत आल्यावर वर्गात मान वर करून बसू शकत नाही.

यावरून दिसून येईल की, फोनवरील खाजगीपण हा केवळ शिक्षकाच्या सोयीचा विषय नाही. त्याच्या फोनमध्ये मुलांची छायाचित्रे, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी क्रमांक अशी दुसऱ्यांची ठेवही असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. तो हक्क जसा शिक्षकाचा, तसाच मुलाचाही आहे.

दुसरा प्रश्न चित्ताच्या एकाग्रतेचा. पाठाची तयारी करण्यासाठी फोन उघडावा, तो समोर रंगीत चित्रांच्या रांगा दिसाव्यात, त्यांपैकी एकावर सहज बोट पडावे आणि अर्धा तास निघून जावा, हा अनुभव पुष्कळांना येतो. येथे दोष केवळ मनाच्या दुर्बलतेचा नाही. पाहणाऱ्याचे लक्ष वारंवार वेधून घ्यावे, अशाच हेतूने अनेक ॲपची रचना केलेली असते. चित्र नजरेसमोर असेतोवर मनाला पुनःपुन्हा नकार द्यावा लागतो. चित्रच दृष्टीआड केले, तर तो श्रम वाचतो.

झाकण्याचे तीन प्रकार

गावातील जुन्या घराची रचना आठवल्यास हा विषय चटकन समजतो. ओसरीवर कोणीही येऊन बसतो. माजघरात घरची माणसे वावरतात. मोलाची वस्तू मात्र कुलपाच्या पेटीत असते. फोनवरही असेच तीन भाग पाडता येतात.

(१) ओसरीवरून माजघरात नेणे. फोन उघडताच दिसणाऱ्या पहिल्या पानावरून ॲपचे चित्र काढून टाकणे, हा पहिला प्रकार. ॲप फोनमध्येच राहते व सर्व ॲपच्या यादीत सापडते. आयफोनमध्ये ही सोय २०२० सालच्या चौदाव्या आवृत्तीपासून आहे. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्ये चित्रावर बोट दाबून धरले की, ते पानावरून काढण्याचा पर्याय पुढे येतो. येथे ‘पानावरून काढणे’ आणि ‘ॲप फोनमधून काढून टाकणे’ हे दोन पर्याय शेजारीशेजारी असतात. म्हणून शब्द नीट वाचूनच बोट ठेवावे. या प्रकाराने एकाग्रतेस साहाय्य होते. गुप्तता मात्र मिळत नाही.

(२) यादीतूनही झाकणे. सॅमसंगच्या फोनमध्ये मुख्य पानाच्या मोकळ्या जागी बोट दाबून धरल्यास त्या पानाची सेटिंग उघडते. तीत ॲप लपविण्याचा पर्याय असतो. तेथे निवडलेली ॲप मुख्य पानावर व यादीत दिसेनाशी होतात. इतर काही कंपन्यांच्या फोनमध्ये लपविलेली ॲप परत पाहण्यासाठी ठराविक अंक टाइप करावे लागतात, अथवा पडद्यावर दोन बोटे फाकवावी लागतात. प्रत्येक कंपनीची रीत निराळी असल्याने सेटिंगमधील शोधाच्या चौकटीत ‘लपवा’ किंवा ‘हाइड’ हा शब्द टाइप करून पाहणे सोयीचे होय. सॅमसंगच्या पद्धतीत कुलूप नसते, हे ध्यानात ठेवावे. जाणकार मनुष्य सेटिंगमधील ॲपच्या यादीतून त्या ॲपपर्यंत पोहोचू शकतो.

(३) कुलपाच्या पेटीत ठेवणे. हा खरा खाजगीपणाचा प्रकार होय. सॅमसंगच्या फोनमधील सिक्युअर फोल्डर हे त्याचे एक उदाहरण. २०२४ साली आलेल्या अँड्रॉइडच्या पंधराव्या आवृत्तीत प्रायव्हेट स्पेस नावाची अशीच स्वतंत्र जागा करता येते. या जागेत ॲप नव्याने घ्यावे लागते व त्याची माहिती बाहेरच्या ॲपपासून अलग राहते. जागेस कुलूप लावले की, आतील ॲप थांबतात व त्यांच्या सूचनाही पडद्यावर येत नाहीत. आयफोनच्या अठराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२४ पासून, ॲपचे चित्र दाबून धरल्यावर ते चेहरा, बोटाचा ठसा अथवा सांकेतिक अंक यांच्या कुलपाखाली लपविता येते. असे ॲप सर्व ॲपच्या संग्रहाच्या तळाशी असलेल्या बंद कप्प्यात जाते आणि त्याच्या सूचना येणे बंद होते.

झाकले म्हणजे नाहीसे झाले नव्हे

‘दृष्टीआड सृष्टी’ अशी म्हण आपल्याकडे आहे. ही म्हण येथे दोन्ही अंगांनी लागू पडते. दृष्टीआड केल्याने मनाचा ओढा कमी होतो, हे खरे. परंतु दृष्टीआड गेलेली सृष्टी चालूच राहते, हेही तितकेच खरे. पहिल्या दोन प्रकारांत लपविलेले ॲप पूर्ववत काम करीत असते. ते जागा व्यापते, इंटरनेट वापरते आणि त्याच्या सूचनाही येतात. वर वर्णिलेल्या प्रसंगी शिक्षकांनी निरोपाचे ॲप केवळ यादीतून लपविले असते, तरी पालकाचा निरोप पडद्यावर झळकलाच असता. म्हणून चित्र लपविण्याबरोबर त्या ॲपच्या सूचना बंद करणे, निदान त्यांतील मजकूर झाकणे, हे दुसरे पाऊल उचललेच पाहिजे. फोनला कुलूप असताना सूचनेचा मजकूर दिसू नये, अशीही सोय सेटिंगमध्ये असते. पण फोन उघडून मुलांच्या हाती दिला असता ती उपयोगी पडत नाही.

बंद पेटीचेही काही नियम आहेत. प्रायव्हेट स्पेस काढून टाकल्यास आतील सर्व मजकूर नष्ट होतो. ती बंद असताना आतील ॲप थांबलेले असल्याने, ज्याची सूचना वेळेवर मिळणे अत्यावश्यक आहे, असे औषधोपचाराचे वा तातडीचे ॲप तेथे ठेवू नये. शाळेच्या अभिलेखाची एकमेव प्रत अशा जागी ठेवणेही उचित नव्हे. शिक्षक आजारी पडल्यास ती इतरांस मिळणार नाही. सांकेतिक अंक विसरल्यास काय करावे लागेल, हे पेटी करण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

वर्गात फोन देताना

मुलांच्या हाती फोन देण्यासाठी लपविण्याहून अधिक सोपी व सुरक्षित रीत उपलब्ध आहे. अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून एकच ॲप पडद्यावर खिळवून ठेवण्याची सोय आहे. सेटिंगच्या सुरक्षा विभागात ती एकदा सुरू करावी. बाहेर पडताना कुलपाचा अंक विचारला जावा, असा पर्यायही तेथेच निवडावा. त्यानंतर पाठाचे ॲप उघडून ते खिळविले की, मुलांना दुसरीकडे जाता येत नाही. आयफोनमध्ये याच कामासाठी गायडेड ॲक्सेस नावाची सोय आहे. वर्गात फोन देण्यापूर्वी पुढील क्रम पाळल्यास बहुतेक अडचणी टळतात :

(अ) ‘व्यत्यय नको’ ही स्थिती सुरू करून सूचना पडद्यावर येणार नाहीत याची खात्री करावी.
(आ) आवश्यक पाठ शक्य तर आधीच उतरवून घेऊन इंटरनेट बंद करावे.
(इ) पाठाचे ॲप पडद्यावर खिळवावे.
(ई) स्वतः एकदा बाहेर पडण्याचा प्रयत्न करून पाहावा आणि मगच फोन मुलांकडे द्यावा.

या सर्वांस दोन मिनिटे पुरतात. फळा पुसून, तारीख लिहून पाठास आरंभ करण्याइतकीच ही सवय अंगवळणी पडावी.

अभ्यासाच्या वेळेसाठी

पाठटाचण लिहिताना किंवा वह्या तपासताना फोनच्या मोहापासून दूर राहण्यासाठी ॲप कायमचे लपविणे आवश्यक नाही. अँड्रॉइडमधील फोकस मोड ठरावीक वेळेपुरती निवडलेली ॲप थांबवितो; त्यांची चित्रे करडी होतात व सूचना येत नाहीत. आयफोनमध्येही २०२१ पासून फोकस नावाची सोय असून, कामाच्या वेळी कोणते पान दिसावे हेही तीत ठरविता येते. पहिल्या पानावर केवळ दूरध्वनी, दीक्षा, शब्दकोश व दिनदर्शिका ठेवून बाकी सर्व आत हलविणे, हा आरंभ पुरेसा आहे. आठवडाभरानंतर जे ॲप एकदाही शोधावे लागले नाही, ते फोनमधून काढूनच टाकावे. न लागणारी वस्तू माजघरात तरी कशासाठी ठेवावयाची ?

दुसरी बाजू

जी युक्ती शिक्षकास उपयोगी, तीच लबाडासही उपयोगी पडते. दंडाची पावती, सरकारी अनुदान किंवा लग्नपत्रिका अशा नावाने निरोपातून एक फाइल येते. ती उघडून ॲप फोनमध्ये घेतले की, त्याचे चित्र कधीकधी दिसेनासे होते, आणि ते ॲप गुपचूप बँकेचे संदेश वाचू लागते. म्हणून निरोपातून आलेले कोणतेही ॲप घेऊ नये. महिन्यातून एकदा सेटिंगमधील ॲपची संपूर्ण यादी वाचावी. अनोळखी नाव आढळल्यास आधी इंटरनेट तोडावे व ॲप काढून टाकावे. पैसे गेल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. गावातील अनेक पालक अशा वेळी प्रथम शिक्षकाकडेच धाव घेतात, म्हणून ही माहिती शिक्षकास तोंडपाठ असावी.

वरच्या वर्गांतील मुलेही ही युक्ती जाणतात. गणकयंत्राचे चित्र धारण करणारी, परंतु आत छायाचित्रे दडविणारी ॲप असतात. पालक चौकशी करू लागल्यास त्यांस घाबरवून सोडू नये. सेटिंगमधील यादी कशी पाहावी, हे मुलासमक्षच दाखवावे. आयफोनवर १३ वर्षांखालील मुलाच्या खात्यातून ॲप लपविता येत नाही, हेही सांगण्याजोगे आहे. मुलाशी बोलताना खाजगीपण व लपवाछपवी यांतील भेद स्पष्ट करावा. आपली रोजनिशी दुसऱ्याने वाचू नये, असे वाटणे हे खाजगीपण. आपणास कोणी धमकावीत आहे, पैसे अथवा छायाचित्रे मागत आहे, हे भीतीपोटी घरी न सांगणे हे मात्र संकट होय. पहिल्याचा मान राखावा आणि दुसऱ्यासाठी घराचे व शाळेचे दार सदैव उघडे असावे.

सारांश

चित्र हलविल्याने लक्ष टिकते, यादीतून लपविल्याने सहज पडणारी नजर टळते आणि कुलूप लावल्याने खाजगीपण राखले जाते. यांपैकी कोणत्या ॲपसाठी कोणता प्रकार योग्य, हे ज्याने त्याने ठरवावे. सूचना बंद केल्यावाचून मात्र यांतील पहिले दोन प्रकार अपुरे राहतात. केंद्रस्तरावरील शिक्षक एकत्र जमतील, तेव्हा प्रत्येकाने आपला फोन समोर ठेवून यांतील एक एक कृती करून पाहावी. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनमधील भेद त्यामुळे आपोआप कळून येतील. गावातील पालक शिक्षकापाशी जे बोलतो, ते चार भिंतींआड राहील या भरवशावर बोलतो. आज त्या भिंतींतील एक भिंत शिक्षकाच्या फोनची आहे. तिची डागडुजी हाही शाळेच्या कामाचाच भाग समजावा.