वाट मोकळी झाली त्या वर्षी

ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरून ‘ब्राइट एंजल’ ही वाट खाली कोलोरॅडो नदीकडे उतरते. उद्यानाच्या फाटकावर प्रवेशशुल्क भरलं, की या वाटेवर पाऊल टाकायला आज कुणी वेगळे पैसे मागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मागत असत. माणशी एक डॉलर, जनावरामागेही तेवढाच. हा टोल बसवणारा माणूस म्हणजे राल्फ कॅमेरॉन. सरकारी जमिनीवरची ही वाट सर्वांची व्हायला किती वर्षं भांडावं लागलं आणि त्या भांडणात कुणाचं काय गेलं, याचा मागोवा घ्यायचा तर कॅमेरॉनच्याही मागे जावं लागतं.

कडा आणि नदी यांच्यात उभं अंतर जवळपास दीड किलोमीटर. उभ्या भिंतींतून कुठूनही उतरता येत नाही. घाटावरून कोकणात उतरायला जशा नाळा सापडतात, तशी इथे एका प्रस्तरभंगाने वाट करून दिली आहे. खडक तिथे सरकले, फुटले, खालपर्यंत घसारा साचला आणि माणसाला पाय ठेवायला जागा झाली. ही जागा हवासुपाई लोकांनी कितीतरी आधी हेरली होती. निम्म्या उतारावर एक जिवंत झरा आहे. त्याच्या काठी ते मका, घेवडा, भोपळा पिकवत. त्यांच्या पायांनी पडलेली वाटच पुढे सगळ्यांच्या नकाशावर आली.

१८८९ मध्ये सी. हार्ट मेरियम हा निसर्गअभ्यासक या भागात हिंडला, कॅन्यनमध्येही उतरला. चढत जावं तशी वनस्पतींची दुनिया बदलते, डोंगर चढणं म्हणजे उत्तरेकडे प्रवास करण्यासारखंच आहे, हा त्याचा सिद्धान्त इथलाच. वाटेने चालणाऱ्याला तो पायांतून कळतो. नदीपलीकडच्या उत्तर कड्यावर अडीच हजार मीटर उंचीवर स्प्रूस, फर आणि ॲस्पेनचं गार जंगल, तर नदीकाठी साडेसातशे मीटरच्या आसपास निवडुंग, मेस्किट आणि तापलेला कातळ. वर जाकीट लागतं, त्याच दिवशी खाली उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या वर गेलेला असतो. वाळवंट आणि अरण्य एका वाटेने जोडलेलं असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

कॅमेरॉन आणि त्याच्या भागीदारांनी १८९०-९१ च्या सुमारास ही वाट रुंद केली ती खाणींसाठी. तांबं फारसं लाभलं नाही. पण १९०१ मध्ये रेल्वे कड्यापर्यंत पोचली आणि प्रवाशांचा लोंढा सुरू झाला. खरी खाण कुठे आहे हे कॅमेरॉनला लगेच कळलं. वाटेच्या तोंडाशी आणि झऱ्याजवळ, मोक्याच्या जागी, त्याने खाणीचे दावे ठोकले आणि टोल सुरू केला. १९०८ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी कॅन्यनला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, १९१९ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅमेरॉनच्या विरोधात निकाल दिला. एवढं होऊनही प्रश्न मिटला नाही. त्याच वर्षी हा माणूस ॲरिझोनाचा सिनेटर म्हणून निवडून आला आणि उद्यानाच्या निधीलाच आडकाठी करू लागला. वाटेची मालकी तोवर कोकोनिनो काउंटीकडे गेली होती. १९२४ मध्ये काउंटीच्या मतदारांनी ती उद्यानाला द्यायला नकार दिला.

तेव्हा उद्यानाने आपली स्वतंत्र वाट खोदायला घेतली. तीच ‘साउथ कैबाब’. १९२४-२५ च्या हिवाळ्यात वरून एक टोळी आणि खालून एक टोळी कामाला लागली. ही वाट नाळेतून न जाता धारेवरून उतरते. डावी-उजवीकडे सगळं कॅन्यन उघडं, नजर पोचेल तिथवर लाल-पिवळे थर. पण वाटेत पाण्याचा थेंब नाही आणि सावली नावालाच. नव्याने येणाऱ्यांना मी नेहमी सांगतो: उतरायला कैबाब, चढायला ब्राइट एंजल.

या सगळ्या इतिहासात १९२८ हे साल मला पुन्हा पुन्हा थांबवतं. त्या वर्षी ब्राइट एंजल अखेर उद्यानाच्या ताब्यात आली आणि टोल गेला. त्याच वर्षी साउथ कैबाबच्या पायथ्याशी नदीवरचा झुलता पूल पुरा झाला. पुलाचे मुख्य पोलादी दोर आठ, प्रत्येक जवळपास एकशे सत्तर मीटर लांब आणि टनभर वजनाचा. एवढा दोर खेचरांच्या पाठीवर घालून ती वळणं उतरवणं शक्य नव्हतं. म्हणून बेचाळीस माणसं एकामागे एक उभी राहिली, अखंड दोर सगळ्यांच्या खांद्यांवर घेतला आणि वळणांमागून वळणं घेत खाली उतरली. पुढचा माणूस वळून खालच्या टप्प्यावर आलेला, मागचा अजून वरच्या टप्प्यावर. कुणी एकाने पाऊल चुकवलं तर सगळी रांग ओढली जाणार. दोर खाली पोचला की पुन्हा वर, पुढच्या दोरासाठी. ही माणसं बहुतेक सगळी हवासुपाई होती.

आणि त्याच १९२८ मध्ये झऱ्याकाठी उरलेल्या शेवटच्या हवासुपाई रहिवाशाला, कॅप्टन बुरोला, उद्यानाने जबरदस्तीने तिथून काढलं. टोलवाल्याच्या तावडीतून वाट सोडवली याचा मला मनापासून आनंद आहे. ती लढाई लढणाऱ्यांचा आदरही आहे. पण वाट सर्वांची झाली असं म्हणताना ज्यांनी ती पाडली त्यांनाच त्या ‘सर्वां’तून वगळलं गेलं, हे लिहिल्याशिवाय त्या वर्षाची नोंद पुरी होत नाही.

पुढचं दशक हातांचं. मंदीच्या काळात बेकार तरुणांसाठी १९३३ मध्ये सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर निघालं. महिना तीस डॉलर, त्यातले पंचवीस घरी धाडायचे. कंपनी ८१८ मधल्या पोरांनी ब्राइट एंजलचा पायथा आणि झुलता पूल यांना जोडणारी नदीकाठची वाट १९३६ पर्यंत खोदली. तिथला काळा खडक ‘विष्णू शिस्ट’ या नावाने ओळखला जातो. पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपासचा आणि अतिशय चिवट. दोरावर लोंबकळत, सुरुंगाची भोकं पाडत त्यांनी तो फोडला.

वळणावर थांबून वाटेखालचा बांध निरखून पाहावा. कोकणातल्या गडग्यासारखी नुसत्या दगडांची रचाई. प्रत्येक दगड मागे, डोंगराच्या अंगाला कललेला, लांब बाजू आत घातलेली, फटींत चिपा ठोकलेल्या. म्हणून पाणी मधून निथळतं आणि बांध फुगत नाही. वाटेवर थोड्या थोड्या अंतराने तिरके ओंडके किंवा दगड रोवलेले असतात. ते पायऱ्यांसाठी नाहीत. पावसाचं पाणी वाटेवरून धावू लागलं तर एका हंगामात तिचा ओढा होतो, म्हणून ते कडेला काढून द्यायचं. खेचरांच्या टापांनी हे ओंडके उखडतात, की पहार घेऊन कामगार हजर. या माणसांचं नाव कुठल्याही पाटीवर नसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चालणारे वाढले. फ्लॅगस्टाफला गणित शिकवणारे हार्वी बुचार्ट चाळीसहून अधिक वर्षं कॅन्यनच्या वाटा नसलेल्या भागात हिंडले. त्याच गावातले शिक्षक डेल श्वाल्टर १९८५ मध्ये मेक्सिकोच्या सीमेकडून निघून यूटापर्यंत चालत गेले आणि त्यातून तेराशे किलोमीटरची ‘ॲरिझोना ट्रेल’ उभी राहिली. २००९ मध्ये तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला, २०११ मध्ये ती सलग झाली. श्वाल्टर ते पाहायला राहिले नाहीत. २०१० मध्येच गेले. इकडे कॅन्यनमध्ये १९९६ च्या उन्हाळ्यात उष्णतेने बळी गेल्यावर, १९९७ पासून उद्यानाने वाटेवरच माणसं ठेवली. दुपारी खाली निघालेल्यांना ती थांबवतात, पाणी विचारतात, परत पाठवतात. माझ्या मते त्या वाटांवरचं हे सर्वांत मोलाचं काम आहे.

१९७५ च्या कायद्याने हवासुपाईंना सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन परत मिळाली. त्यांच्या सुपाई गावाला आजही गाडीरस्ता नाही, टपाल खेचरावरून जातं. तिथे उतरायला परवाना आणि शुल्क त्यांचं असतं, आणि ते तसंच असायला हवं. झऱ्याकाठच्या जागेला २०२२ मध्ये अधिकृतपणे ‘हवासुपाई गार्डन्स’ हे नाव मिळालं. जागा मात्र अजून उद्यानाकडेच आहे. तिच्या पुढच्या निर्णयांत त्यांचा शब्द सर्वांत वजनदार असावा, असं मला वाटतं.

२०२५ च्या जुलैत उत्तर कड्यावर वीज पडून वणवा पेटला. कड्यावरचा ऐतिहासिक लॉज जळून गेला, कैबाब पठारावरचं मोठं जंगल होरपळलं. जळलेल्या उतारावर पाऊस मुरत नाही, राख, माती आणि दगड घेऊन खालच्या घळींत कोसळतो. उत्तर कड्यावरून नदीकडे उतरणारी ‘नॉर्थ कैबाब’ ही वाट त्याच घळींतून जाते. वरचं जंगल पुन्हा उभं राहायला अनेक दशकं लागतील. तोवर दर पावसाळ्यानंतर वाटेखालचे बांध पुन्हा रचावे लागणार आहेत, दगडावर दगड, हातांनीच.