सात बहिणींचा भाऊ

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी, 24 ऑक्टोबर 2025 ला, मुंबईत जाहिरातकार पीयूष पांडे गेले. वय 70. जयपूरच्या एका घरातल्या सात बहिणी आणि दोन भाऊ अशा नऊ भावंडांतला हा भाऊ. बातमी वाचली तेव्हा आधी त्यांच्या झुपकेदार मिशा डोळ्यांसमोर आल्या, मग ते सगळं अंग हलवणारं हसू, आणि मग ती बस.

ती बस म्हणजे फेविकॉलची 2002 ची जाहिरात. राजस्थानचं वाळवंट, उन्हात डुलत चाललेली खटारा बस. टपावर, दारात, खिडक्यांना लटकून माणसंच माणसं. खड्डा आला की अख्खा घोळका एका अंगाला झुलतो, पण पडत कुणीच नाही. बस पुढे निघून गेल्यावर तिच्या पाठीवरची फेविकॉलची पाटी दिसते. बस, एवढंच. कुणी एक शब्द बोलत नाही, गुण सांगत नाही. आमच्या घरी ही जाहिरात पहिल्यांदा लागली तेव्हा सगळ्यांत आधी हसली ती आजी. तिला हिंदी येत नव्हतं. पदर तोंडाला लावून म्हणाली, “अगं, ही तर आपली पैठणची काळी-पिवळी!”

तेव्हापासून मी पांडेंच्या जाहिराती गोळा करत आले आहे, आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. त्यांचा विनोद भरल्या घरातला आहे. नऊ भावंडांच्या पंगतीत एखादी गंमत चालायची तर ती थोरल्या ताईला आणि शेंडेफळाला एकाच वेळी कळायला हवी. समजावून सांगायला तिथे कुणाला वेळ नसतो. ज्या घरातून इला अरुण यांच्यासारखी मोकळ्या गळ्याची गायिका आली, त्या घरात नुसता मोठा आवाज करून कुणाचं लक्ष वेधलं जाणं कठीणच! धाकटा भाऊ प्रसून जाहिरातपटांचा दिग्दर्शक झाला, आणि ती बस त्यानेच चित्रित केली. 2018 मध्ये कान्सच्या जाहिरात महोत्सवाने ‘लायन ऑफ सेंट मार्क’ हा जीवनगौरव दिला, तोही दोघा भावांना मिळून.

बाकीची कारकीर्द भराभर सांगते. राजस्थानकडून रणजी क्रिकेट, कोलकात्यात चहाची चव पारखण्याची नोकरी, 1982 मध्ये ओगिल्वी या जाहिरात कंपनीत प्रवेश. 1988 च्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या गाण्याचे हिंदी शब्द त्यांचे, अठरावा खर्डा पसंत पडला. मैदानात नाचत धावणाऱ्या मुलीची कॅडबरीची जाहिरात, पोलिओचे ‘दो बूँद जिंदगी की’, 2016 मध्ये पद्मश्री. ‘चल मेरी लूना’ही त्यांचंच. पुण्याच्या कायनेटिकची ही लूना मोपेड आमच्या बाबांकडे होती. चढावर ती दमली की बाबा पायडल मारत हेच शब्द म्हणायचे, बैलाला चुचकारावं तसे.

पण माझा जीव अडकला आहे तो फेविकॉलमध्ये. याची थोरवी कळायला सुतारांशी बोलावं लागतं. आमच्याकडे येणारे वयस्कर सुतारकाका सांगतात, पूर्वी सरस वापरायचे. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला तो सरस आधी उकळायचा, वास सहन करायचा आणि गार होण्याआधी सांधा बसवायचा. 1959 मध्ये फेविकॉल आलं आणि चुलीवरचं भांडं सुटलं. पांढरा डिंक लावायचा, शिकंजा आवळायचा, रात्रभर ठेवायचं. सुताराच्या पिशवीतल्या या वस्तूला पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांतल्या बोलण्यात आणून बसवलं. आज पुढारी पद सोडत नसेल तर कोपऱ्यावरचा पेपरवालासुद्धा म्हणतो, “खुर्चीला फेविकॉल लावलंय.” याहून मोठा पुरस्कार मला माहीत नाही.

फेविकॉलच्या साठीनिमित्त 2019 मध्ये आलेली सोफ्याची जाहिरात तर मी किती वेळा पाहिली याची गणती नाही. लग्नातला सोफा शर्माइनचा, मग मिश्राइनचा, मग कलेक्टराइनचा. कापड बदलतं, घर बदलतं, माणसं म्हातारी होतात, सोफा तोच. मला त्यात सर्वांत भावतं ते हे, की तो सोफा प्रत्येक वेळी घरातल्या बाईच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडेही मोठ्या काकूचं कपाट असतं, आत्याचा पलंग असतो. सात बहिणींच्या भावाच्या नजरेतून हे सुटणार तरी कसं?

आमच्याकडे आजीचा पाट आहे. शिसवी, पितळी फुलं जडवलेला. गेल्या दिवाळीआधी त्याची खालची पट्टी निखळली. सुतारकाकांनी पटाशीने जुना सरस खरवडला, फेविकॉल भरलं, शिकंजा आवळून पाट रात्रभर ठेवून दिला. भाऊबीजेला, 23 ऑक्टोबरला, मी तबक घेऊन उभी राहिले. माझा भाऊ आता चांगलाच भरला आहे. बसता बसता थबकला आणि म्हणाला, “ताई, धरेल ना हा?”

फेविकॉलची एक जुनी जाहिरात आहे. हत्ती आणि माणसं जोर लावून दोन्हीकडून ओढतात आणि मूळचे नागपूरचे चित्रपट दिग्दर्शक राजकुमार हिरानी त्यात सांगतात की हा जोड मजबूत आहे, तुटायचा नाही. स्वयंपाकघरातून आई, झोपाळ्यावरून बाबा, दारातून भाचा, सगळे एकदम त्याच चालीत ओरडले, “तुटणार नाही!”

भाऊ बसला. पाटाने हूं की चूं केलं नाही. हसता हसता माझ्या हातातलं निरांजन थरथरत होतं, तरी मी ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली.