दुखत नाही म्हणून तपासणी नको?

"ताई, मला काही दुखत नाही, खुपत नाही. मग तपासणी कशाला?" वस्तीत शिबिर लावलं की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न चुकीचा नाही. दुखलं की दवाखान्यात जायचं, हेच आपण लहानपणापासून शिकलो. पण पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, तो दुखू न देताच शरीरात राहतो. असं का, ते आज समजून घेऊ.

या विषाणूचं नाव एचपीव्ही. माणसात त्याचे दोनशेहून जास्त प्रकार सापडतात. हातापायाची चामखीळ त्यातल्याच काहींमुळे होते. गुरांना, पक्ष्यांना, माशांनाही त्यांचे त्यांचे असे विषाणू असतात. म्हणजे हे घराणं फार जुनं. प्राण्यांच्या कातडीत ते लाखो वर्षं राहत आलं आहे.

त्याचं सामान मात्र थोडं. माणसाच्या पेशीत सुमारे वीस हजार जनुकं असतात, याच्याकडे आठ-नऊ. जनुक म्हणजे एखादं काम कसं करायचं याची लिहिलेली सूचना. इतक्या कमी सामानावर टिकायचं तर कोणती सूचना कधी उघडायची आणि कधी मिटून ठेवायची, हे नीट जमायला हवं. त्यासाठी या विषाणूच्या जनुकसाखळीत एक खास तुकडा असतो. त्याला आपण बटणांची पाटी म्हणू.

पिशवीच्या तोंडावरचं अस्तर थराथरांचं असतं. बारीक ओरखड्यातून विषाणू सर्वांत खालच्या थरात शिरतो आणि तिथे जवळजवळ गप्प बसतो. पेशी पिकत वर सरकते, तशी पाटीवरची बटणं बदलतात. विषाणूचं नवं कवच तयार होतं ते अगदी वरच्या थरात. त्या पेशी तशाही गळून पडणारच असतात, त्यांच्याबरोबर तो बाहेर पडतो. पेशी फुटत नाही, सूज नाही, ताप नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना पत्ता लागायला वेळ लागतो. तरीही बहुतेक बायकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं.

मग कॅन्सर कसा होतो? विषाणूच्या ई-6 आणि ई-7 या दोन जनुकांचं काम पेशीला वाढत ठेवण्याचं. पेशीचे स्वतःचे ब्रेक असतात. ही दोघं ते निकामी करतात. म्हणून त्यांच्यावर लगाम लागतो, आणि तो विषाणूकडेच असतो: ई-2. बटणांच्या पाटीवर जिथे पेशीची प्रथिनं बसून ई-6, ई-7 चालू करतात, तिथेच ई-2 जागा अडवून बसतं. गुरांच्या चामखिळीच्या विषाणूतही ई-2 आहे, पण तिथे ते मुख्यतः जनुकं चालू करतं. घराणं एकच, पण शाखा वेगळ्या होत गेल्या, तशी बटणांची मांडणी बदलली.

काही वेळा विषाणूची गोल साखळी तुटते आणि पेशीच्या गुणसूत्रात अडकते. तुटते ती बऱ्याचदा ई-2 मध्येच. लगाम गेला की ई-6, ई-7 मोकाट सुटतात. यात विषाणूचाही फायदा नाही. तिथून तो नवे विषाणू बनवू शकत नाही. त्याच्यासाठी हा अपघात, आपल्यासाठी मात्र कॅन्सर. यातले सुमारे 70 टक्के कॅन्सर 16 आणि 18 या दोन प्रकारांमुळे होतात.

याचा पुरावा हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या पेशींनी दिला. पाच लेकरांची ही आई 1951 साली याच कॅन्सरने, एकतिसाव्या वर्षी गेली. तिला न विचारता घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. त्यांत 18 क्रमांकाचा विषाणू अडकलेला आहे आणि त्याचं ई-2 तुटलेलं आहे. शास्त्रज्ञांनी त्या पेशींना गुरांच्या विषाणूतलं ई-2 दिलं, तर त्यांची वाढ थांबली.

पेशी बिघडू लागण्यापासून कॅन्सरपर्यंतचा हा प्रवास एका दिवसात होत नाही. साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीवर उपचार चालू नसतील, तर 5 ते 10. एवढा वेळ आपल्या हातात असतो. आपल्याच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

तेव्हा मैत्रिणींनो, तीस वर्षं झाली की दुखण्याची वाट पाहू नका. सरकारी आरोग्य केंद्रात 30 ते 65 वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी करायची, असं धोरण आहे. आशाताईंना दिवस विचारा, चौघीजणी मिळून जा. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल, तर पुढच्या शिबिराची वाटही पाहू नका. मुलींना 9 ते 14 या वयात लस मिळेल का, तेही विचारा.

आणि विषाणू सापडला तर घरात भांडण नको. तो वर्षानुवर्षं गप्प राहतो, त्यामुळे कधी आला, कुणाकडून आला हे तपासणीतून कळत नाही. कळतं ते एवढंच, की आता उपचाराला वेळ आहे.