मधल्या फळीतला कष्टकरी : मारेक हामशिक

आपल्या वस्त्यांमध्ये क्रिकेट लहानथोर सगळ्यांना कळते. फुटबॉल म्हटले की पेले आणि मॅराडोना ही दोन नावे बहुतेकांना ठाऊक असतात. गोल करणारा लक्षात राहतो. त्याच्या पायापर्यंत चेंडू कुणी आणून दिला, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. कष्टकरी माणसाचेही असेच होते. इमारतीवर नाव मालकाचे लागते, विटा वाहणाऱ्याचे कुठेच लागत नाही. म्हणूनच आज एका अशा खेळाडूची ओळख करून घेऊ, ज्याने मैदानाच्या मधोमध वीस वर्षे राबून आपले नाव कमावले आणि ज्या शहराला बाकीचा देश हिणवत होता, त्या शहराचा तो झाला. त्याचे नाव मारेक हामशिक. देश स्लोव्हाकिया.

चिमुकल्या देशाचा मुलगा

हामशिकचा जन्म २७ जुलै १९८७ चा. गाव बान्स्का बिस्त्रित्सा, डोंगरांनी वेढलेले शहर. तेव्हा तो देश चेकोस्लोव्हाकिया होता. १ जानेवारी १९९३ रोजी चेक आणि स्लोव्हाक हे दोन देश रक्ताचा थेंब न सांडता वेगळे झाले. त्या वेळी मारेक पाच वर्षांचा होता. आजही स्लोव्हाकियाची लोकसंख्या सुमारे ५४ लाख, म्हणजे एकट्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. युरोपच्या नकाशावर बोट ठेवून शोधावा लागेल असा हा देश!

शहराच्या कडेला पोदलावित्से नावाची वस्ती आहे. तिथल्या युपिए नावाच्या छोट्या क्लबात मारेकने पहिल्यांदा चेंडूला पाय लावला. तिथून तो राजधानी ब्रातिस्लावामधील स्लोव्हान या नामांकित क्लबात गेला. त्याचा खेळ इटलीपर्यंत पोचला आणि २००४ साली उत्तर इटलीतल्या ब्रेशिया या क्लबाने त्याला करारबद्ध केले. वय अवघे सतरा. परका देश, परकी भाषा. मार्च २००५ मध्ये तो इटलीच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये प्रथमच मैदानात उतरला. पण त्याच हंगामाच्या शेवटी ब्रेशियाची घसरण दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये झाली. हामशिकने तक्रार केली नाही. पुढची दोन वर्षे तो तिथेच खेळला, शिकला. २००६-०७ च्या हंगामात मधल्या फळीतून खेळूनही त्याने दहा गोल केले. २००७ च्या उन्हाळ्यात नापोली या क्लबाने सुमारे ५५ लाख युरो मोजून त्याला आपल्याकडे आणले.

मधल्या फळीचे काम काय?

फुटबॉलच्या संघात मागे बचावफळी असते आणि पुढे आघाडीची फळी. या दोहोंना जोडणारी ती मधली फळी. प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू असला की मागे धावून तो अडवायचा, आपल्याकडे आला की पुढे पोचवायचा. मिडफिल्डरला दम खायला सवड नसते. हामशिकची खासियत अशी की, तो मागून धावत यायचा. बचाव करणाऱ्यांचे सारे लक्ष आघाडीच्या खेळाडूंवर असे आणि नेमका त्याच क्षणी हा गोलसमोर हजर व्हायचा. ही काही जादू नव्हती. दर सामन्यात शंभरदा धावावे तेव्हा एकदा चेंडू पायाशी येतो. उरलेल्या नव्याण्णव वेळा नुसतेच धावायचे, आणि तेही कुरकुर न करता. भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम सांगितला, तो हाच. फळ दिसो वा न दिसो, योग्य दिशेचा प्रयत्न सोडायचा नाही.

हिणवलेले शहर

नापोली हा नेपल्स शहराचा क्लब. हे शहर दक्षिण इटलीत, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेले आहे. उत्तर इटलीत बड्या कारखान्यांची श्रीमंत शहरे, तर दक्षिणेत बेकारी आणि गरिबी. दक्षिणेतले मजूर पिढ्यान् पिढ्या पोट भरण्यासाठी उत्तरेकडे जात राहिले आणि तिथे त्यांच्या वाट्याला कष्टाबरोबर तुच्छताही आली.

ही तुच्छता फुटबॉलच्या मैदानावर उघडपणे ऐकू येते. उत्तरेतल्या स्टेडियममध्ये नापोलीचा संघ उतरला की प्रेक्षकांतले काही जण घोषणा देतात. नेपल्सचे लोक घाणेरडे आहेत, त्यांच्या अंगाला वास येतो, व्हेसुव्हियसने आग ओकून त्यांना धुऊन काढावे, असा त्यांचा अर्थ असतो. वाचकहो, हे शब्द आपल्याला नवे आहेत काय? माणसाला गलिच्छ ठरवायचे, त्याच्या वासाबद्दल बोलायचे, त्याच्यापासून दूर सरायचे, ही भाषा आपल्या आजोबा-पणजोबांनी गावोगाव ऐकली आहे. तिकडे जात नाही, पण माणसाला कमी लेखण्याची रीत तीच आहे. इटलीच्या फुटबॉल संघटनेलाही अशा घोषणांसाठी दंड आणि स्टेडियम बंद ठेवण्याच्या शिक्षा ठरवाव्या लागल्या.

या शहराला एकदा मान मिळाला होता. अर्जेंटिनाच्या गरीब वस्तीतून आलेला दिएगो मॅराडोना १९८४ साली नापोलीत आला आणि त्याने १९८७ व १९९० असे दोनदा इटलीचे विजेतेपद या शहराला मिळवून दिले. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. २००४ साली क्लबाचे दिवाळे निघाले. चित्रपट निर्माते आउरेलिओ दे लॉरेंतिस यांनी तो विकत घेतला आणि तिसऱ्या दर्जाच्या लीगपासून पुन्हा सुरुवात झाली. २००७ मध्ये नापोली पहिल्या दर्जात परतली आणि त्याच उन्हाळ्यात वीस वर्षांचा हामशिक तिथे दाखल झाला.

बारा वर्षांची सोबत

पहिल्याच हंगामात नऊ गोल करून तो लीगमध्ये संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे केस आणि पाठीवर १७ क्रमांक, ही त्याची ओळख झाली. पुढे लावेझ्झी आणि कावानी यांच्या जोडीने त्याने नापोलीला युरोपच्या मोठ्या स्पर्धांत नेले. २० मे २०१२ रोजी रोममध्ये इटालियन कपचा अंतिम सामना झाला. समोर उत्तरेतला बलाढ्य युव्हेंटस. नापोलीने २-० ने विजय मिळवला. पहिला गोल कावानीचा, दुसरा हामशिकचा. शहराने १९९० नंतर प्रथमच मोठा चषक पाहिला. २०१४ साली इटालियन कप पुन्हा नापोलीकडे आला आणि त्याच वर्षी संघाचे कर्णधारपदही हामशिककडे आले.

बडे क्लब त्याला न्यायला टपले आहेत, असे वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येई. दुसरीकडे अधिक पैसा होता आणि विजेतेपदाची जास्त खात्रीही होती. लावेझ्झी गेला, कावानी गेला, इग्वाइन तर थेट युव्हेंटसमध्ये गेला. हामशिक राहिला.

२३ डिसेंबर २०१७. नेपल्सच्या सान पाओलो स्टेडियममध्ये सामदोरियाविरुद्ध सामना २-२ असा बरोबरीत होता. हामशिकने गोल केला आणि नापोली ३-२ ने जिंकली. तो त्याचा नापोलीसाठी ११६ वा गोल होता. मॅराडोनाचा ११५ गोलांचा विक्रम मागे पडला. अर्थात हामशिक मॅराडोनाहून मोठा झाला, असे कुणी म्हणणार नाही. मॅराडोनाने आपले गोल २५९ सामन्यांत केले होते, हामशिकला जवळजवळ दुप्पट सामने लागले. पण असामान्य प्रतिभा लाखांत एकाला लाभते. रोज कामावर हजर राहून एकेक गोल जमवत त्या उंचीपर्यंत जाता येते, हे हामशिकने दाखवले, आणि ते सामान्य माणसाच्या जास्त उपयोगाचे आहे. पुढे २०२० मध्ये त्याचाच सहकारी, बेल्जियमचा ड्रायेस मेर्टेन्स याने हा विक्रम मोडला. मात्र नापोलीसाठी सर्वाधिक, म्हणजे ५२० सामने खेळण्याचा मान हामशिककडेच राहिला. त्याचे एकूण गोल झाले १२१.

हातातोंडाशी आलेला घास

एक गोष्ट मात्र त्याला नापोलीत मिळाली नाही, ती म्हणजे लीगचे विजेतेपद. २०१७-१८ च्या हंगामात ते अगदी हाताशी आले होते. २२ एप्रिल २०१८ रोजी नापोलीने तुरिनमध्ये युव्हेंटसला त्यांच्याच मैदानावर १-० ने हरवले. अखेरच्या क्षणी डोक्याने गोल केला तो कालिदू कुलिबालीने. सेनेगलचा हा कृष्णवर्णीय बचावपटू म्हणजे संघाचा कणा. नेपल्सचे रस्ते त्या रात्री माणसांनी फुलून गेले. पण आठवड्याभरात फिओरेंतिनाविरुद्ध ३-० असा पराभव झाला आणि सारे निसटले. नापोलीचे गुण ९१, युव्हेंटसचे ९५.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला मिलानमध्ये इंटरविरुद्धच्या सामन्यात याच कुलिबालीला प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढून छळले. प्रशिक्षक कार्लो आंचेलोत्ती यांनी सामना थांबवण्याची मागणी तीनदा केली, पण सामना थांबला नाही. अखेर संतापलेल्या कुलिबालीलाच पंचांनी बाहेर काढले! नंतर इंटरला दोन सामने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळण्याची शिक्षा झाली. आपल्या कातडीच्या रंगाचा, तसेच फ्रेंच, सेनेगली आणि नेपल्सवासी असण्याचा अभिमान वाटतो, असे कुलिबालीने त्या रात्री जाहीर केले. हामशिक कर्णधार असलेला संघ हा असा होता. स्लोव्हाक, सेनेगली, बेल्जियन आणि नेपल्समध्येच जन्मलेला इन्सिन्ये, सगळे एकाच निळ्या जर्सीत. हिणवल्या गेलेल्या शहराची बाजू जगभरातून आलेली ही मुले मैदानावर लढवत होती.

चिमुकल्या देशाचा मोठा दिवस

आपल्या देशासाठीही तो असाच राबला. २०१० साली स्वतंत्र स्लोव्हाकिया प्रथमच विश्वचषकात खेळला. कर्णधार होता २२ वर्षांचा हामशिक. २४ जून रोजी जोहान्सबर्गमध्ये समोर उभी होती जगज्जेती इटली. त्या संघात हामशिकचे नापोलीतले सोबतीही होते. स्लोव्हाकियाने इटलीला ३-२ ने हरवून स्पर्धेबाहेर काढले. रॉबर्ट विटेकने दोन गोल केले, कामिल कोपुनेकने एक. कर्णधाराच्या नावावर त्या दिवशी गोल नाही, पण तो विजय त्याच्या संघाचा होता. २०१६ च्या युरो स्पर्धेत मात्र रशियाविरुद्ध त्याने डाव्या बाजूने आत येत असा काही फटका लगावला की चेंडू खांबाला लागून जाळ्यात गेला. स्लोव्हाकियाने तो सामना २-१ ने जिंकला आणि बाद फेरी गाठली. देशासाठी १३८ सामने आणि २६ गोल, हे दोन्ही स्लोव्हाकियाचे विक्रम त्याच्या नावावर आहेत. देशाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू हा मान त्याला आठ वेळा मिळाला.

उशिरा आलेले फळ

२०१९ च्या फेब्रुवारीत हामशिकने नापोली सोडली आणि तो चीनमधील डालियानच्या क्लबात गेला. तिथे पैसा मोठा होता, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. बारा वर्षे राबलेल्या माणसाने उतारवयात आपल्या संसाराचा विचार केला, तर त्याला दोष कोण देणार? २०२१ मध्ये काही महिने स्वीडनमध्ये खेळून तो तुर्कस्तानच्या ट्राब्झोनस्पोरकडे आला. ट्राब्झोन हे काळ्या समुद्राच्या काठावरचे शहर. तिथल्या लीगवर राजधानीचे नव्हे, पण इस्तंबूलच्या तीन बड्या क्लबांचे राज्य असते. ट्राब्झोनस्पोरने १९८४ नंतर लीग जिंकलीच नव्हती. ३० एप्रिल २०२२ रोजी ती जिंकली! वयाच्या चौतिसाव्या वर्षी हामशिकला पहिल्यांदा लीगचे विजेतेपद मिळाले. २०२३ मध्ये त्याने व्यावसायिक फुटबॉलमधून निवृत्ती घेतली.

आणि नापोली? ४ मे २०२३ रोजी नापोलीने ३३ वर्षांनंतर इटलीचे विजेतेपद पटकावले. हामशिक त्या संघात नव्हता. पण मधल्या फळीत होता स्तानिस्लाव लोबोटका, तोही एक स्लोव्हाकच. पहिल्याने वाट पाडली, दुसरा त्या वाटेने शिखरावर पोचला. चळवळीत वाढलेल्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. ज्यांनी सभांच्या सतरंज्या उचलल्या, त्यांना त्याची फळे दिसलीच असे नाही. ती त्यांच्या मुला-नातवंडांनी पाहिली.

हामशिकच्या नावाने आज त्याच्याच गावी, त्याच युपिए क्लबात मुलांची फुटबॉल शाळा चालते. जिथे पहिल्यांदा चेंडूला पाय लागला, तिथेच त्याने आपले ऋण फेडले.

आपली मुले-मुली मैदानावरून घामाघूम होऊन घरी आली की आपण सहज विचारतो, "किती गोल केलेस?" पुढच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारून पाहा, "आज कुणाकुणाला चेंडू दिलास?" या प्रश्नाचे उत्तर ज्याला आनंदाने देता येईल, तो खेळात आणि समाजात कधी एकटा पडणार नाही.

जयभीम!